जास्वंदीची अखंड पाकळी

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण एक फिर्याद अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. खून पाहिले, दरोडे पाहिले, सागवान चोरणाऱ्यांच्या मागे जंगलात दोन-दोन दिवस काढले. तरीही कोणी विचारलं, तुमच्या हातची सगळ्यात चांगली केस कोणती, तर मी सांगतो, कपबश्यांची. ऐकणारा हसतो. तेव्हाही लोक हसलेच होते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे वेगळे जिल्हे होऊन फार काळ लोटला नव्हता. मी पोलीस उपनिरीक्षक होतो आणि राजुऱ्याच्या बाजूला एका लहान ठाण्याचा ठाणेदार. कौलारू इमारत, एक जीप, एक जमादार, सात-आठ शिपाई. इकडे कोळशाच्या खाणी, तिकडे गडचांदूरचे चुनखडीचे पट्टे आणि मागे जिवतीचे डोंगर. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही तशाच: लाकूडचोरी, दारू, खाणमजुरांची भांडणं, गुराढोरांची चोरी. या लिखाणात मी कोणाचंही नाव देत नाही. काहीजण हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांना म्हातारपणी त्रास नको.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी आटोपली होती, मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, धुतलेला पायजमा, हातात दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी. त्याला सगळा तालुका ओळखायचा. आमच्या हद्दीत एक जुनं सरकारी विश्रामगृह होतं, इंग्रजांच्या वेळचं. तिथला हा खानसामा. तीस वर्षं तिथे चहा-स्वयंपाक करत आला होता. सगळे त्याला चाचा म्हणायचे.

"साहेब, चोरीची रपट लिहायची आहे," तो म्हणाला.

"काय गेलं चाचा?"

"तेच तर मुश्कील आहे. गेलं सगळं, पन जागच्या जागी आहे."

जमादार लिहिता लिहिता थांबला. "काऊन हो चाचा, सकाळी सकाळी मस्करी करून राह्यले का?"

चाचानं दुपट्ट्याची गाठ सोडली. आत एक कप होता. असा कप मी आयुष्यात पाहिला नव्हता. कप कसला, फूलच ते! लाल पाच पाकळ्या उमललेल्या, हिरव्या देठाची दांडी, आणि बशी म्हणजे शिरा काढलेलं पान. कोण्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मडमेनं विलायतेहून हा संच आणवला होता म्हणे. सहा कप, सहा बशा, किटली, दूधदाणी आणि साखरदाणी, असे पंधरा नग. प्रत्येक कपाचं फूल वेगळं. विलायती फुलांची नावं चाचाला माहीत नव्हती, म्हणून त्यानं आपली नावं ठेवली होती: जास्वंदी, कण्हेर, धोतरा, कमळ, गोकर्ण आणि भोपळ्याचं फूल. हातात होता तो जास्वंदीचा कप.

"हा माहा कप नाई," चाचा म्हणाला. "कोनं तरी बदलला. पंधराच्या पंधरा बदलले."

"कशावरून?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यात विश्रामगृह बंद असायचं. त्या चार महिन्यांत संच कपाटात मोहरबंद, किल्ली आणि मोहर दोन्ही भांडारपाल बाबूकडे, आणि चाचाची नेमणूक दुसऱ्या कार्यालयात. दिवाळीनंतर कपाट उघडलं. पहिल्याच दिवशी पाहुणे आले. चाचानं नेहमीच्या मापानं सहा कपांचा चहा टाकला, सहाही कप भरले, आणि पातेल्यात चहा उरला.

"तीस वर्षं झाली साहेब. कधी एक घोट उरला नाई, कमी पडला नाई. मले वाटलं, वय झालं, माप चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उरला. मंग धुताना हाताले समजलं. जाड आहे. चमचा लावला का घंटीसारखा आवाज येत होता, तो नाई येत."

जमादार गालातल्या गालात हसत होता. मी विचारलं, "चाचा, हे झालं तुमच्या हाताचं. कोर्टात दाखवायला काय आहे?"

चाचानं एकदा दाराकडे पाहिलं. मग खिशातून तंबाखूची पत्र्याची जुनी डबी काढून माझ्यापुढे ठेवली. डबीत कापसात ठेवलेला नखाएवढा तुकडा होता. लाल, तिरकी कड असलेला.

"जास्वंदीची पाकळी माह्या हातानं टिचली होती. पंधरा साल झाले. भेवानं कोनाले सांगितलं नाई. टिचली बाजू मांगं करून मांडत होतो. आता पाह्या, या कपाची पाकळी पुरी आहे." त्यानं कप माझ्या डोळ्यांसमोर फिरवला. "फुटलेलं भांडं आपोआप जुडत नाई साहेब."

मी खिडकीची दारं लावली आणि टॉर्च पेटवला. तुकड्यामागे धरला, तर तांबूस उजेड आरपार आला. कपामागे धरला, काहीच नाही. भिंत मध्ये आल्यासारखा अंधार. जमादाराचं हसू तिथेच थांबलं.

"चाचा, तुम्ही कधी रिटायर होताय?"

"दोन महिन्यांनी."

"मग हे उकरता कशाला? सरकारी वस्तू तोडून लपवली, हे तुमच्याच तोंडानं लिहून द्यावं लागेल. पेन्शन अडकेल."

"मालूम आहे. बाबू पन हेच म्हनला, गप राह्य. पन जाताना मले यादीवर सही करा लागते ना जी. पंधरा नग अस्सल, जसे भेटले तसे सोपवले, म्हनून. खोट्यावर सही कशी करू? तीस साल ज्याचं खाल्लं त्याले जाता जाता फसवू का?"

मी स्वतःच्या हातानं त्याचा जबाब लिहिला. दोन पंच बोलावून तुकड्याचा पंचनामा केला आणि डबी मोहरबंद केली.

त्याच दिवशी विश्रामगृहावर गेलो. भांडारपाल बाबू चाळिशीचा, टापटीप, गोड बोलणारा. मी काही विचारण्याआधीच त्यानं नोंदवही उघडून पुढे सरकवली. "मोजून घ्या साहेब. पंधरा लिहिलेत, पंधरा आहेत. म्हाताऱ्याची नजर गेली आहे." नोंद बरोबर होती, नगही बरोबर होते. पण नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. निर्दोष माणूस आधी विचारतो, काय झालं? दोषी माणूस आधी कागद दाखवतो. मी पंधराही नग ताब्यात घेतले आणि लोकसेवकानं केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला.

दोन दिवसांत बाबूनं वर अर्ज केला की, बदल झाला असेलच तर तो खानसाम्यानं केला असणार, मोसमात किल्ली त्याच्याकडे असते. लगेच माझ्या वरिष्ठांचा फोन आला. "सागाच्या आणि वाघांच्या मुलखात तुम्ही कपबश्या शोधताय? म्हाताऱ्याला अटक करा आणि प्रकरण मिटवा." मी आठ दिवस मागून घेतले. ते नाराज झाले, पण दिले.

एवढा हट्ट का केला, याचं उत्तर मी त्या वेळी कोणाला दिलं नाही. आज देतो. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. त्याआधी माझी आई ज्यांच्या शेतात कामाला जायची, तिथे तिचा कप गोठ्याच्या भिंतीत वेगळा खोचलेला असायचा. चहा पिऊन झाला की तिनं तो स्वतः धुवायचा आणि पुन्हा तिथेच उलटा ठेवायचा. कप ही किरकोळ वस्तू आहे, असं मला कोणी सांगू नये.

आता प्रश्न होता, हे कप बनवले कोणी? बाजारात असा माल नव्हता. आम्ही आठवडी बाजारात चौकशी सुरू केली. तिथे जुन्या कपड्यांवर कपबश्या देणारी एक फिरती बाई बसायची. चांदा ते सिरोंचा सगळी गावं तिच्या पायाखालची. जमादारानं तिच्यापुढे कप ठेवला. तिनं तो पालथा केला, बुडावरून अंगठा फिरवला, कडेला जीभ लावून पाहिली.

"हा कारखान्याचा नाई जी. हातचा आहे. अन् माती आपल्याच इकडची."

"कोण बनवते असं?"

"पाकळ्या वळनारी एकच बाई आहे, भद्रावतीकडे. पन तिले धरू नका बरं. गरीब आहे अन् मोठी मानी आहे."

ही आमची टीप. दुसऱ्या दिवशी जीप भद्रावतीच्या वाटेला लावली. त्या भागात पांढऱ्या मातीचं काम चालतं, हे आम्हाला ठाऊक होतंच. गावाच्या कडेला एक लहानशी भट्टी, शेजारी पत्र्याची शेड. पंचेचाळिशीची एक बाई चाकापाशी बसली होती. नवऱ्याकडून काम शिकली होती, तो वारल्यावर एकटीनं भट्टी चालवत होती. खाकी कपडे पाहून ती घाबरली नाही, उठलीही नाही. मी कप पुढे केला.

तिचा चेहरा एकदम खुलला. "हा तर माहाच कप आहे! तुमच्यापाशी कसा आला?"

आयुष्यात मी शेकडो लोकांना मुद्देमाल दाखवला. पाहताच हक्कानं 'माझं' म्हणणारी ती एकटी.

ती आपणहून सांगू लागली. पाऊस लागला तेव्हा एक बाबू आला होता. एकेक नग आणून द्यायचा, म्हणायचा, साहेबाच्या बंगल्यावरचे जुने कप फुटून राह्यले, तसेच नवे पाहिजेत. "तीनदा भट्टी बिघडली. पाकळ्या वाकून जात होत्या. मी रडली जी. मंग पाकळीले आतून टेकू देल्ला, तवा उभी राह्यली."

"कप हुबेहूब तसेच केले?"

"तसेच. पन थोडे लहान होतात. माती भट्टीत आकसते ना." तिनं बोटांच्या चिमटीत फरक दाखवला. "पिनाऱ्याले समजत नाई."

मी जमादाराकडे पाहिलं. पातेल्यात उरणारा चहा दोघांनाही एकाच वेळी आठवला.

"बाई, या लाल फुलाच्या कपात काही खोट होती का?"

"होती ना! एक पाकळी टिचली होती. पह्यला साचा घेतला तर त्यात ते फुटकंच उमटलं. मी तो साचा फेकला. मंग टिचल्या जागी मेन भरलं, पाकळी पुरी केली, दुसरा साचा घेतला अन् मेन काढून टाकलं. फुटका कप कोन बनवते? माह्या हातून नाई होत."

"फेकलेला साचा कुठं आहे?"

शेडमागे टाकाऊ मालाचा ढीग होता. जमादार आणि दोन शिपाई तासभर उकरत होते, ती बाई वरून सांगत होती, "हळू, हळू, खालचं फुटन." शेवटी प्लास्टरचा तो साचा सापडला. कपाची पाकळी जिथे टिचली होती, तिथे साच्यात प्लास्टर भरून बारीकसा उंचवटा आला होता. पंचांसमोर डबीची मोहर काढली आणि तुकडा त्या उंचवट्याशेजारी धरला. तीच तिरकी कड, तेवढीच लांबी. चाचा आणि ही बाई, दोघांनी आयुष्यात एकमेकांना पाहिलं नव्हतं, आणि दोघं एकाच टिचलेल्या पाकळीची साक्ष देत होते.

तिला खरं काय ते सांगितलं. हातावरची माती पुसत ती म्हणाली, "म्हंजे माह्या हातानं चोरी लपवली त्यानं." आणि लगेच, "चला, कुठी यायचं सांगा."

बाबूला ठाण्यावर बोलावलं. काही जणांना वाटत होतं, दोन फटके दिले की बोलेल. मी तो मार्ग कधी पसंत केला नाही. मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दोन तास साधेच प्रश्न विचारले. पावसाळ्यात कपाट उघडलं का? नाही, मोहर होती. भद्रावतीकडे जाणं होतं का? कधीच नाही. कपांत एखादा टिचलेला होता का?

"एकही नाही. सगळे अखंड. नोंदवहीत तसंच आहे."

हे सगळं लिहून घेतलं, सही घेतली. तीस वर्षांत त्या कपांना हात लावून धुणारा एकच माणूस होता, आणि तो हा बाबू नव्हता; टिचलेली पाकळी त्याला ठाऊकच नव्हती. मग मी जमादाराला खूण केली. बाई आत आली, साचा टेबलावर ठेवला.

"नमस्ते बाबू. ओळखलं नाई का?"

बाबूनं मान फिरवली. "कोण ही?"

"कोन म्हन्ता? चार महिने तुम्ही माह्या ओट्यावर बसून चहा पेले. म्हनत होते, बाई, तुमच्या हातात जादू आहे. चोरी लपवाले पाहिजे होती ते जादू?"

मी तुकडा साच्याशेजारी ठेवला. बाबू त्या दोन वस्तूंकडे पाहत राहिला. टापटीप चेहऱ्यावरचं सगळं अवसान उतरलं. पाणी मागितलं, आणि अर्ध्या तासात सगळं कबूल केलं. विश्रामगृहात उतरलेल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं संच पाहून त्याला भुलवलं होतं. अस्सल संच त्याच्याकडे, राज्याच्या सीमेपलीकडच्या शहरात होता.

तिथल्या पोलिसांना बरोबर घेऊन आम्ही दुकानात शिरलो. संच गवतात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला होता, अजून गिऱ्हाईक ठरायचं होतं. पंधराही नग मिळाले. जास्वंदीचा कप मी स्वतः हातात घेतला. पाकळी टिचलेली होती. चाचाचा तुकडा लावला, आणि तो असा बसला की रेषसुद्धा शोधावी लागली. जमादार म्हणाला, "साहेब, मले माफ करा, मी त्या दिवशी हासलो." मी म्हटलं, "माफी चाचाची माग." त्यानं ती मागितली.

मालाची ओळख पटवणं बाकी होतं. पंचांपुढे दोन्ही संचांचे बारा कप सरमिसळ करून टेबलावर ठेवले. सगळी कचेरी बघायला जमली होती, मला फोन करणारे वरिष्ठही आले होते. चाचा म्हणाला, "साहेब, डोळे बांधा. बाबू म्हनला ना, माही नजर गेली." त्याच्याच दुपट्ट्यानं त्याचे डोळे बांधले. त्यानं एकेक कप उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवत गेला. बारापैकी एकही चुकला नाही. वरिष्ठांनी पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरची पट्टी स्वतः सोडली. त्या वेळी मला जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे पोलीस पदक मिळालं तेव्हाही झाला नाही.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी चाचाला विचारलं, "सरकारी कप तुम्ही तोडला आणि पंधरा वर्षं लपवलं, हे खरं?" चाचा म्हणाला, "खरं आहे. म्हनून तर आज सांगता येऊन राह्यलं." बाबूला शिक्षा झाली, व्यापाऱ्यालाही. चाचाला खात्यानं लेखी समज दिली आणि पेन्शन पूर्ण मंजूर केली.

एक चूक मात्र माझी होती आणि ती त्या बाईनं सुधारली. मुद्देमालाच्या यादीत मी तिच्या कपांपुढे 'बनावट' असं लिहिलं होतं. साक्षीला आली तेव्हा जमादारानं तिला यादी वाचून दाखवली. ती माझ्याकडे आली. "साहेब, बनावट बाबू होता. कप काऊन बनावट? माह्या हातचे आहेत." सरकारी वकिलांना विचारून मी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि यादीत लिहिलं, 'भद्रावती येथील महिला कारागिराने हाताने घडवलेले कप'. निकालानंतर कोर्टाच्या हुकमानं ते कप तिलाच परत मिळाले.

या तपासानं मला काय शिकवलं? नोंदवही फक्त मोजते. वस्तू ओळखायची असेल, तर रोज ती हाताळणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा दाराबाहेर उभा असतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी कोणाही गुन्ह्याच्या जागी गेलो की आधी झाडणाऱ्याला, धुणाऱ्याला, पाणी भरणाऱ्याला खुर्ची द्यायचो आणि मग साहेबांकडे वळायचो. त्या सवयीनं मला अनेक प्रकरणांत यश दिलं.

चाचाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीची आठवण सांगून थांबतो. त्या वेळी खटला चालू व्हायचा होता, पण कोर्टाच्या परवानगीनं अस्सल संच विश्रामगृहाच्या ताब्यात आला होता. तिथल्या साहेबांनी चाचाला विचारलं, निरोपाला काय पाहिजे? तो म्हणाला, एका पाहुणीला माझ्या हातचा चहा पाजायचा आहे. त्यानं भद्रावतीला निरोप धाडला. ती बाई बसनं आली. चाचानं तिला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं, जिथे आजवर फक्त अधिकारी बसत आले होते. आणि कमळाच्या कपात चहा दिला.

तिनं सावकाश चहा संपवला. मग कप उन्हात धरून पाहिला, पालथा केला, दांडीत बोट घालून दोनदा उचलून बघितला.

"पाकळी माह्यापेक्षा पातळ आहे, खरं," ती म्हणाली. "पन दांडी माही बरी."

चाचानं कप हातात घेऊन तपासून पाहिला आणि मान डोलावली. "सही बात आहे बाई. तीस साल झाले, माहं बोट या दांडीत रुतते."